चौतिसावं पाऊल

पालममध्ये कुणी गेलं की आमच्या समाजात पहिला प्रश्न असतो, "कुठं बसवायचं?" आम्ही लिंगायत माणसं मेलेल्याला आडवं करत नाही. खड्डा घ्यायचा, त्याच्या भिंतीत त्रिकोणी कोनाडा कोरायचा आणि त्यात माणसाला मांडी घालून बसवायचं. डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग, भोवती भस्म, मीठ, बेलाची पानं. खड्ड्याचं माप ज्याचं त्याच्याच पावलानं घेतात, नऊ पावलं. आमची रुद्रभूमी एसटी स्टँडच्या मागं आहे. बाहेरच्याला तो नुसता माळ दिसतो, थोड्या बाभळी आणि दक्षिणेच्या टोकाला एक कडुनिंब. पण त्या माळाखाली तीन-साडेतीनशे माणसं पूर्वेकडं तोंड करून रांगेत बसलेली आहेत आणि स्टँडवरचा भोंगा त्यांना दिवसभर कुठली गाडी कुठं लागली ते सांगत असतो.

दगड लावायची, नाव कोरायची पद्धत पालममध्ये नव्हती. कोण कुठं बसलंय हे लक्षात ठेवायचं काम आधी मल्लेशच्या बापानं केलं, त्याच्यामागं ते नीलम्माकडं आलं. मल्लेश खड्डे घेतो, पण त्याला माती लक्षात राहते, माणसं राहत नाहीत. नीलम्माचं उलटं. वय एकोणसत्तर, बाजारात भांड्यांचं दुकान, ते आता मुलगा रुद्रेश बघतो. पण कुठल्याही घरचा माणूस वर्षश्राद्धाला दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला की नीलम्मा चप्पल शोधायला लागे. "तुमचे आज्जे ना, निंबापासून एकवीस पावलं, मग उजव्या अंगाला चार." सगळा हिशेब निंबापासून, पावलांत. तिचं कधी चुकलं नव्हतं. म्हणजे, चुकलं असं सांगायला कुणी उठून आलं नव्हतं.

तिचा नवरा नागनाथअप्पा सत्तावीस वर्षांपूर्वी गेला. निंबापासून सरळ उत्तरेला चौतीस पावलं. त्याच्या अलीकडच्या जागेवर त्याची आई महादाबाई, ती तीन वर्षं आधी बसलेली. आणि त्याच्या डाव्या हाताची, पलीकडची जागा खाली. ती नीलम्माची. लग्नात बायको डावीकडं बसते, इथंही तिथंच बसणार, एवढा साधा विचार होता. ही जागा तिनं सत्तावीस वर्षं राखली. एकदा तर कुणाची तरी तिरडी... आमच्यात तिरडी नसते, खुर्ची असते, तर कुणाची तरी खुर्ची त्या जागेशी येऊन थांबली होती. नीलम्मा पदर खोचून आडवी उभी राहिली आणि मेलेल्याला शेवटी दुसऱ्या रांगेत जावं लागलं.

दर सोमवारी ऐन दुपारी, दुकान जेवायला बंद झालं की ती माळावर जाई. चौतीस पावलं मोजून थांबायची, बेलाचं पान ठेवायची आणि बोलत बसायची. घरातलं सगळं सांगायची. नागनाथअप्पा जिवंतपणी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हता. मेल्यावर मात्र तो फार चांगला ऐकायला लागला, असं ती कौतुकानं सांगायची. उत्तरंही द्यायचा. रुद्रेशसाठी गंगाखेडची वैजयंती बघितली तेव्हा तिनं विचारलं, करू का? उठताना बेलाचं पान पदराला चिकटून आलं. केली. फक्त सासूचं गाऱ्हाणं सांगितलं की परतताना पायात हमखास काटा मोडायचा. "जित्तेपणी आईची बाजू घ्यायचे, आताबी घेतेत," म्हणायची.

आणखी एक गोष्ट ती सांगायची, तीही हसत. तिथं बसलं की मिश्रीचा वास येतो. भाजलेल्या तंबाखूचा, जळका, ताजा. नागनाथअप्पानं जन्मात मिश्री लावली नव्हती. नीलम्माचं म्हणणं, तिथं दुसरं काम नसल्यानं लागली असेल सवय.

मिश्री लावायची ती महादाबाई. या बाईबद्दल गावात अजून एकच आठवण शिल्लक आहे. एसटीत जागा धरण्यात तिचा हात कुणी धरत नसे. गाडी स्टँडवर पुरती थांबायच्या आत ती खिडकीतून आपलं फडकं आत टाकायची. नुसतं फेकायची नाही. त्रिकोणी घडी घातलेलं फडकं बरोबर सीटवर जाऊन बसायचं. तालुक्यात बाकी सगळे रुमाल चौकोनी, त्रिकोणी घडी दिसली की ती महादाबाईची, आणि ती उचलून बसायची छाती कंडक्टरलासुद्धा नव्हती. नीलम्मा नवी नवरी होती तेव्हापासून सासूनं तिच्यासाठी जागा धरली, आणि बसल्यावर गंगाखेड येईपर्यंत तिची उणीदुणी काढली. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं.

आता यंदाच्या चैत्राकडं येतो. पाडव्याला समाजाची बैठक झाली आणि रुद्रभूमीचं सुशोभीकरण करायचं ठरलं. अध्यक्ष मल्लिकार्जुनअप्पा, कापडवाले. उपाध्यक्ष रुद्रेश. चिटणीस मी, कारण माझं अक्षर बरं आहे. रोज सकाळी सहा ते आठ श्रमदान, तारेचं कुंपण, एकशे आठ बेलाची रोपं, त्यांच्यासाठी पाण्याची टाकी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सिमेंटची बाकडी. बाकड्यांचं ऐकून नीलम्मानं विचारलं होतं, आधीच एवढे लोक बसलेत, त्यात अजून कशाला. 

टाकीला जागा हवी होती, आणि माळावर खात्रीनं रिकामी अशी एकच जागा सगळ्या गावाला ठाऊक होती. ती नीलम्मानंच सत्तावीस वर्षं गावाला पाठ करून दिली होती. तेव्हा ठराव क्रमांक चार झाला. हयात व्यक्तीच्या नावे जागा राखून ठेवता येणार नाही. हे वाक्य माझं आहे. त्या वेळी मला ते नेमकं वाटलं होतं.

रुद्रेशनं घरी जाऊन आईला कसं सांगितलं ते वैजयंतीकडून कळलं. गच्चीवर कुरडया घालायचं चाललं होतं. चैत्राचं ऊन, खाली जुन्या धोतराचं पान अंथरलेलं, वैजयंती सोऱ्या दाबतेय आणि नीलम्मा वेटोळं सावरतेय. रुद्रेश जिन्यातच उभं राहून बोलला. समाजाचं काम आहे, आपणच नाही म्हटलं तर बरं दिसत नाही, आणि तुला इतक्यात काय होणार आहे. नीलम्मानं कुरडई पुरी होऊ दिली.

"मला काय व्हायचं ते होईल," ती म्हणाली. "तुज्या बापाशेजारी पाण्याची टाकी बसवायलास, एवढं ध्यानात ठेव. मी काय नळाखाली बसू?"

मग वैजयंतीला म्हणाली, पीठ झाकून ठेव. आणि मल्लेशच्या घरी गेली.

तिचा विचार सरळ होता. हयात माणसासाठी जागा राखता येत नसेल, पण खोदलेल्या खड्ड्यावर टाकी बांधता येत नाही. मल्लेशनं आधी नाही म्हटलं. जिवंत माणसाचा खड्डा त्याच्या बापानंही घेतला नव्हता. नीलम्मानं त्याला फक्त विचारलं की त्याच्या आईला कुठं बसवलंय ते त्याला एकट्याला सापडेल का. मल्लेशनं कुदळ घेतली.

सोमवार होता, दुपारचे बारा वाजून गेले होते. श्रमदानाची माणसं केव्हाच घरी गेली होती. मी रोपं मोजून यादी करायला मागं राहिलो होतो, म्हणून पुढचं पाहिलं. निंब मोहोरला होता, त्याचा कडसर गोड वास माळभर होता आणि सावली कशाचीच पडत नव्हती. नीलम्मानं निंबाच्या बुंध्याला टाच लावली आणि मोजत निघाली. चौतीसला थांबून बेलाचं पान ठेवलं, तिथून एक जागा पुढं सरकून म्हणाली, "हितं."

मल्लेशनं सुतळी काढली. पावलाचं माप घ्यायचं होतं. नीलम्मानं चप्पल काढून उजवा पाय पुढं केला. मल्लेशनं आजवर शेकडो पावलं मापली असतील, त्यातलं एकही कधी हललं नव्हतं. सुतळी तळव्याला लागताच नीलम्माला गुदगुल्या झाल्या आणि तिनं पाय मागं घेतला, हसलीसुद्धा. मल्लेश मटकन मागं बसला. नंतर तो मला म्हणाला की उभ्या जन्मात असं भ्यालो न्हाई. पुन्हा माप घेतलं, नऊ वेळा दुमडून गाठ मारली आणि खणायला लागला.

माती फार सहज येत होती. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा पश्चिमेकडच्या भिंतीचा एक तुकडा आपोआप ढासळला. आत पांढरं दिसलं. मीठ आणि भस्म. मल्लेश थांबला. त्या पांढऱ्यातून दोन गोल काचा उन्हात चमकल्या. काळ्या फ्रेमचा चष्मा होता, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चष्म्यामागं जे होतं ते मल्लेशनं कुणाला बघू दिलं नाही, लगेच टॉवेल आडवा धरला.

तो चष्मा नीलम्मानं स्वतः नवऱ्याच्या डोळ्यांवर चढवला होता. विधी सांगणारे जंगमस्वामी नको म्हणत असताना. त्याशिवाय यांना दोन हातांवरचं दिसत न्हाई, म्हणाली होती.

स्टँडवरचा भोंगा गंगाखेडला जाणारी गाडी फलाट दोनवर लागल्याचं सांगत होता. 

"हे हितं कसे?" नीलम्मानं विचारलं. आवाज अगदी साधा होता, दुकानात भांडं भलत्या फळीवर सापडल्यासारखा. "मी तर चौतीस मोजले."

मल्लेश खड्ड्यातून तिच्या पायांकडं बघत होता. तिचं एक चपलेतलं, एक बिनचपलेचं पाऊल त्याच्या डोळ्यांसमोरच होतं.

"अम्मा, चौतीसच हायेत," तो म्हणाला. "तुमी आखूड झालाव."

बेचाळीस वर्षांची बाई आणि गुडघे धरलेली एकोणसत्तर वर्षांची बाई सारखं पाऊल टाकत नाही. पावलामागं दोन-अडीच बोटं कमी पडली तर चौतीस पावलांत बरोबर एक माणूस कमी पडतो. निंब हलला नव्हता, नागनाथअप्पा तर नाहीच नाही. नीलम्मा सोमवारामागून सोमवार मागं सरकत होती, आणि तिच्याबरोबर अख्खं गाव. कारण आपला माणूस कुठं बसलाय ते सगळे तिलाच विचारत होते. किती घरांनी किती वर्षं दुसऱ्याच्याच आज्ज्याला नैवेद्य दाखवला याचा आकडा काढू नये, असं समितीनं नंतर ठरवलं. हे इतिवृत्तात नाही.

पण त्या क्षणी नीलम्माला गावाची पर्वा नव्हती. ती मागं वळून आपण ठेवलेल्या बेलाच्या पानाकडं बघत होती. चौतिसावं पाऊल. एक जागा अलीकडं. तिथं कोण बसलंय हे माळावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हंजे इतके दिवस..." ती म्हणाली.

सगळं तिथं सांगितलं होतं. सून कशी वागते, पोरगा कसा बदलला, दुखणी, भांडणं, आणि कितीतरी सोमवारी, सविस्तर, सासूनं आयुष्यभर कसं छळलं ते. मला त्या वेळी निंबाच्या मोहोराचा वास येईनासा झाला आणि जळक्या तंबाखूचा वास आला. मी मल्लेशकडं बघितलं. त्यानं नाकाला टॉवेल लावला होता, पण तो मातीमुळंही असेल.

नीलम्मानं खड्डा बुजवून घेतला, भस्म मागवलं, स्वतःच्या हातानं नवऱ्यावर माती सारली. जाताना बेलाचं पान उचललं नाही. ती माळावरून बाहेर पडेपर्यंत मी तिच्या पायांकडं बघत होतो. काटा मोडला नाही.

संध्याकाळी समिती जमली. मल्लिकार्जुनअप्पांचं म्हणणं असं की एका अर्थी बरंच झालं, टाकी एक जागा पुढं घेऊ. रुद्रेश पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. ती पुढची जागाच आता आईची आहे, बापाच्या डाव्या हाताची. उद्या टेप लावून मोजा, खणून बघा, खाली निघाली तर ती आईची, आणि टाकी बांधायचीच असेल तर माझ्या वाड्यात बांधा. उपाध्यक्षानं असं बोलल्यावर ठराव क्रमांक चारचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानाला आलेली सगळी माणसं तिथंच गोळा झाली. नीलम्मा आली होती, वैजयंतीचा दंड धरून. घरी रात्रीपासून ती एकच प्रश्न विचारत होती, असं वैजयंती म्हणाली. जागा खाली असेल ना. बाकी काही नाही. शेजारी चुकून दुसरं कुणी बसलेलं निघालं असतं तर सत्तावीस वर्षांची राखण वाया होती.

मल्लेशनं टेपनं मोजून कुदळ मारली. कोरी जमीन पहिल्या फुटापर्यंत घट्ट असते. ही घट्ट होती, वर गवताची मुळं सलग होती, कुणी हात लावल्याची खूण नव्हती. मांडीइतकं खोल गेल्यावर कुदळ अचानक पोकळीत गेली.

खाली आयता खड्डा होता आणि त्याच्या भिंतीत कोनाडा. कोरलेला, त्रिकोणी, भिंती तळहातानं सारवल्यासारख्या गुळगुळीत. आत माणूस नव्हतं. मीठ नाही, भस्म नाही. मल्लेशनं खिशातून कालची सुतळी काढली. मला वाटतं, त्याला ती लावून बघायची नव्हती, पण हात सवयीनं गेला. गाठीपासून गाठीपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नऊ पावलं. नीलम्माची, कालच मापलेली.

आणि कोनाड्यात, जिथं बसायचं तिथं मधोमध, फडकं होतं. मातकट झालेलं, काठ विरलेला. त्रिकोणी घडी.

चाळीसेक माणसं होती. त्यांतली निम्मी महादाबाईच्या काळात एसटीनं फिरलेली. कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. मल्लिकार्जुनअप्पांनी पायातल्या चपला काढल्या. नंतर बऱ्याच तर्कांची चर्चा झाली. जुना रिकामा खड्डा असेल, पाण्यानं वाहून आलं असेल, घूस असेल. घुशीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की घूस घडी घालत नाही.

नीलम्मा काठावर बसली, वाकून बघितलं. बराच वेळ. मला वाटलं ती रडेल.

"म्हातारीनं जागा धरली माजी," ती म्हणाली.

 वैजयंतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यासाठीही कधी कुणी जागा धरली होती की नाही याचा ती विचार करत असावी.

"येवढं ऐकून घेतलं," नीलम्मा पुढं म्हणाली, "आनि तरी धरली." मग तिचा चेहरा बदलला. धरलेल्या जागेचा दुसरा अर्थ तिला तेव्हा दिसला असणार. एसटीत फडकं पडलं की खाली उभ्या माणसाला चढावंच लागतं. गाडी फार वेळ थांबत नाही.

तिनं मल्लेशला फडकं वर द्यायला सांगितलं. मल्लेशनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी रुद्रेश उतरला आणि त्यानं ते काढून आईच्या हातात दिलं. मी इतिवृत्तात लिहिलं, सदर जागा भरलेली नाही, तथापि रिकामीही नाही. सर्वानुमते मंजूर. टाकी निंबाच्या पलीकडं, कुंपणाबाहेर बांधली.

घरी नेऊन नीलम्मानं ते फडकं धुतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सोडा टाकून. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातलं. वैजयंती सांगते की वास गेला नाही, आणि त्या दिवसाच्या कुरडया तिनं माणसांना तळून घातल्या नाहीत. रुद्रेश म्हणाला, जाळून टाकू. नीलम्मा म्हणाली की जागा धरलेलं फडकं उचललं आणि परत ठेवलं नाही की जागा जाते, एवढं तरी तुला कळायला पाहिजे.

पुढच्या सोमवारी ती दुपारी माळावर गेली. आता मोजावं लागत नाही, मल्लेशनं खुंटी ठोकलीय. आधी चौतिसाव्या पावलावर थांबली, सवयीनं. तिथं पूर्वीसारखं बेलाचं पान ठेवलं. नवऱ्याजवळ नुसती पाया पडून पुढं गेली. त्याला काही सांगायची सवयच राहिली नाही, म्हणते. मग आपल्या जागेवर, बुजवलेल्या मातीवर, तिनं धुतलेलं फडकं चौकोनी घडी घालून ठेवलं आणि वर दगड ठेवला.

मी तिला विचारलं, काय सांगून आलात. तिनं सांगितलं.

"जागा माजीच हाय, म्हनलं. दुसऱ्या कुनाला देऊ नका. पण मला घाई न्हाई, पुढच्या गाडीनं येते."

बेलाची रोपं लावून झाली, एकशे आठ. बाकडीही बसवली, त्यांवर अजून कुणी बसलेलं पाहिलं नाही. कुंपणापलीकडं भोंगा चालू असतो. फडक्याला आमच्यातलं कुणी हात लावत नाही, श्रमदानाची माणसं पाणी घालताना त्याला वळसा घालून जातात. नीलम्मा दर सोमवारी दगड बाजूला करते, फडकं झटकते आणि पुन्हा चौकोनी घडी घालून ठेवते.

दगडाखालची घडी दर सोमवारी त्रिकोणी निघते.